आतली लेकरं

संक्रांत दोन दिवसांवर आली होती आणि गारखेड्याच्या त्या पत्र्याच्या शाळेत सकाळपासून तीळ भाजल्याचा वास सुटला होता. ओसरीवर अकरा मुली मांडी घालून बसल्या होत्या. प्रत्येकीपुढे सहा खळग्यांची एक लाकडी फळी आणि वाटीत चिंचोके. खळग्यात चिंचोका बसवला की ते टिंब, आणि टिंबांची जागा बदलली की अक्षर बदलतं. बोटांनी वाचायच्या लिपीचे धडे तिथं असे चिंचोक्यांवर सुरू व्हायचे, कारण चिंचोके फुकट मिळतात. अकराही जणी आंधळ्या, त्यांना शिकवणारी आशाबाईही आंधळी. दोन डोळे धड असलेलं एकच माणूस त्या घरात होतं, स्वयंपाक करणारी म्हाळसाबाई, आणि तिला एक अक्षर येत नव्हतं.

"समद्या शाळेत मी एकलीच अडाणी बगा," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची आणि स्वतःच खदखदून हसायची.

आशाबाई पन्नाशीला आली होती. एकवीस वर्षांपूर्वी दोन मुली घेऊन तिनं हे घर मांडलं. किती कचेऱ्यांच्या पायऱ्या चढली, किती साहेबांनी तिला "बाई, आधी मुलांचं बघू, मुलींचं पुढं बघू" म्हणून परत लावलं, त्याचा हिशेब तिनं ठेवला नाही. दहावीच्या परीक्षेला आंधळ्या मुलीला लेखनिक मिळावा म्हणून ती एका दारात लागोपाठ नऊ दिवस जाऊन बसली होती. दहाव्या दिवशी साहेबानं कंटाळून सही केली. त्या सहीवर पास झालेली मुलगी आता चिकलठाण्याच्या एका कारखान्यात टेलिफोनवर बसते आणि दर दिवाळीला शाळेत येऊन तासभर नुसती बडबडते. आशाबाईच्या आयुष्याची कमाई विचाराल तर ती बडबड.

तर तो बुधवार. चौऱ्याण्णव साल नुकतं लागलं होतं. शहरात चौकाचौकात पोलीस उभे होते. विद्यापीठाच्या नावाचा निकाल आता एकदोन दिवसांत लागणार, असं जो तो म्हणत होता.

"बाई, रेडिओत काय म्हनत्यात? झालं का नाव?" एका मुलीनं विचारलं.

"होईल. सोळा वर्षं भांडतायत लोक. घरं जळली, माणसं गेली त्यापायी."

"पण नावानं काय हुतं, बाई?"

"ज्यांना कधी दारात उभं केलं नाही त्यांच्या माणसाचं नाव दारावर लागतं. थोडं आहे का गं हे?"

तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली. बांगड्या वाजल्या, जड पावलं आली, त्यांच्यामागं हलकी, अडखळती. पावलं ओसरीशी येऊन थांबली.

"आशे."

आशाबाईच्या हातातला चिंचोका खाली पडला. तिला "आशे" म्हणणारी माणसं जगात दोनच. एक माय, ती जाऊन अकरा वर्षं झाली. आणि दुसरी थोरली बहीण सरू.

"अक्का?" ती म्हणाली. "तू इथं?"

इथं थोडं मागं जायला हवं, नाहीतर या एका शब्दाचं वजन कळायचं नाही.

फुलंब्रीजवळच्या एका खेड्यात अप्पाराव नावाचा शेतकरी होता. त्याला लेकी दोन. धाकटी आशा चार वर्षांची असताना देवी आल्या, जीव वाचला, डोळे गेले. ती आठ वर्षांची असताना थोरल्या सरूला बघायला चितेगावचे पाव्हणे आले, मोठे जमीनदार. त्या सकाळी मायनं आशाला बळदात घातलं. बळद म्हणजे घरातच भिंत घालून केलेली धान्याची कोंदट खोली, वरून एक भोक तेवढं. खाली ज्वारी, अंगाला ज्वारी, नाकातोंडात भुसा. आशा रडायला लागली तेव्हा माय म्हणाली, "दोन घटका गप बस. तुला काय गं, तसाबी अंधारच." आणि वरून झाकण पडलं.

अंधार काय असतो ते आशाला आता आठवतच नव्हतं. पण कोंडणं काय असतं ते त्या दिवशी कळलं. खोकल्याची उबळ आली की ती परकराचा बोळा तोंडात कोंबायची. भिंतीपलीकडून तिला सगळं ऐकू येत होतं. कोणीतरी विचारलं, "लेकरं किती हो तुम्हाला?" आणि बाप म्हणाला, "ही एकच."

सरूचं लग्न थाटात झालं. आशा त्या आठवड्यात धोंडिबामामाच्या घरी होती. पुढं तिला गावात ठेवणं अवघड झालं, न जाणो सरूच्या सासरचं कोणी अचानक यायचं. मामा रेल्वेत होता, त्यानं लांब पुण्याकडं आंधळ्यांची शाळा पाहिली होती. तिथं तिला नेऊन घातलं. लोक आता म्हणतात, अप्पारावानं त्या काळात आंधळी लेक शिकवली, केवढं मन! कसलं मन नि कसलं काय. त्यांनी तिला शिकायला पाठवलंच नव्हतं, लपवायला पाठवलं होतं. तिथं राहून ती शिकली, एवढंच.

आणि सरू? चाळीस वर्षांत तिनं सासरी एकदाही सांगितलं नाही की मला बहीण आहे. माय वारली तेव्हा दोघी एका अंगणात होत्या. सरू नवऱ्यासोबत आशाच्या शेजारून गेली, आशाच्या नाकाला तिच्या पदराचा वास आला, पण सरू बोलली नाही. आशाबाईनंही हाक मारली नाही. दुखलं तिला, लई दुखलं, पण बहिणीचा संसार मोडायचा नव्हता.

तीच सरूबाई आज दारात उभी होती.

"आत ये," आशाबाई म्हणाली. "आणि हे कोण?"

"नात. माज्या पोराची, बन्सीची धाकटी. गोजर." सरूबाईचा आवाज खाली गेला. "हिला दिसत नाय, आशे. चार वर्सं झाली. गवर आला हुता."

आशाबाईनं हात पुढं केला. सात वर्षांच्या पोरीचा हाडकुळा हात तिच्या हातात आला, आणि लगेच ती बोटं आशाबाईच्या मनगटावरून वर सरकत गेली, बांगडी, कोपर, पदर. चेहरा चाचपून पोरगी म्हणाली, "आजी, हिला बी दिसत नाय!" आणि आनंदानं हसली. आपल्यासारखं दुसरं कोणी जगात असतं, हे तिला आजवर कोणी सांगितलंच नव्हतं.

आशाबाईनं तिला मुलींत बसवलं. फळी पुढं ओढली, चार चिंचोके चार खळग्यांत ठेवले आणि पोरीचं बोट त्यावरून फिरवलं. "हा ग. गोजरचा ग."

"चार दानं," पोरगी म्हणाली. "माजं हायेत हे?"

"तुझेच. नावातलं अक्षर आहे ना तुझं!"

मग दोघी बहिणी आतल्या खोलीत बसल्या. सरूबाईनं चहाला हात लावला नाही.

"हिला ठेवून घे," ती म्हणाली. "पर नाव दुसरं कायबी लाव. टेसनावर सापडली म्हन. बेवारस म्हन. सरकारी वहीत आमचं गाव नगं, घर नगं."

"का म्हणून?"

"परवा पाव्हणे यायलेत, थोरलीला बघायला. पोरगा वाळूजला कंपनीत सुपरवायझर हाय. लई चांगलं घर हाय, आशे."

"पौषात बघायला येतात?"

"त्याला सुट्टी संक्रांतीचीच. कंपनीला का पौष कळतो? बघून जातील, याद्या माघात करू म्हनले. पर दोन बहिनींत एक आंधळी म्हनल्यावर करून घेतील का ते? रक्तातच हाय म्हनतील."

"हिचे डोळे गोवरानं गेले. माझे देवींनी गेले. यात रक्त कुठून आलं, अक्का?"

सरूबाई म्हणाली, "आमच्या घरात बी तसंच म्हनत्यात. गीताबाईच्या, सुनेच्या माहेराकडून आलं म्हनत्यात. माझे मालक तर ताटावर बसल्या बसल्या बोलत्यात तिला. खाली मान घालून ऐकती बिचारी."

"आणि तू?"

"मी काय?"

"तू त्यांना सांगितलं नाहीस, की बाबांनो, माझी सख्खी बहीण आंधळी आहे, आणि ते रक्तानं नाही, रोगानं होतं? सुनेला चार वर्षं बोलणी खाऊ दिलीस?"

"कसं सांगू गं? लगनात एकच लेक म्हनून सांगितल्यालं. चाळीस वर्सं झाली. आता कोन्या तोंडानं सांगू?"

आशाबाईच्या नाकात ज्वारीचा भुसा गेला. खरंच गेला, तिला ठसका लागला आणि डोळ्यांतून पाणी आलं. मग ती शांतपणे म्हणाली, "अक्का, पोरगी मी या घडीला ठेवून घेते. पण वहीत गोजर बन्सी असंच लिहिणार. आईचं नाव, गावाचं नाव, सगळं. जिची आई जिवंत आहे तिला मी बेवारस लिहिणार नाही."

"एका वहीपायी लेकराला परत लावतीस व्हय?"

"वही नाही ती. ते बळद आहे. मी त्यात कुणालाही घालायची नाही."

सरूबाई उठली. "माज्यावरचा राग तू लेकरावर काढायलीस," एवढंच ती म्हणाली. बाहेर येऊन तिनं नातीचा हात धरला. पोरगी निघायला तयार नव्हती. "बाई, मी उद्या बी येऊ?" तिनं लांबून ओरडून विचारलं.

"ये," आशाबाई म्हणाली. रिक्षा गेली.

वाचणाऱ्यांनो, तुम्हाला वाटत असेल, शाब्बास, बाई ठाम राहिली. आशाबाईलाही दुपारभर तसंच वाटत होतं. तिचं म्हणणं खरंच होतं. पण त्या खरेपणाची झळ कुणाला लागणार, हे तिनं पाहिलं नव्हतं.

दिवेलागणीला म्हाळसाबाई फळ्या आवरत होती. चिंचोके मोजून डब्यात ठेवायची शाळेची रीत होती, नाहीतर मुली ते भाजून खायच्या. तिनं दोनदा मोजले.

"चार कमी हायेत, बाई."

"बघ खाली पडले असतील."

"न्हाय पडले. त्या पोरीनं नेले. जाताना तिची मूठ मिटल्याली हुती, मी बघितलं."

आशाबाई हसली. आपलं अक्षर घेऊन गेली की पोरगी! आणि हसता हसता तिचा बांध फुटला. म्हाळसाबाई ताट वाढून उभी राहिली, ताट तसंच निवलं.

"मी चुकले गं, म्हाळसाबाई," ती म्हणाली. "परवा पाव्हणे येतील तेव्हा तिला कुठं घालतील? मला ठाऊक असून मी तिला परत पाठवली. उद्या जाते. बेवारस तर बेवारस. आधी लेकरू घरात येऊ दे, नावाचं मी मागनं भांडीन."

दुसरा दिवस भोगीचा. सकाळीच दोघी स्टँडवर गेल्या. चितेगाव पैठण रस्त्यावर, आणि त्या रस्त्याच्या गाड्या सुटत नव्हत्या. निकालाच्या धास्तीनं कुठं दगडफेक, कुठं रस्ता अडवलेला, कंट्रोलर म्हणाला, "वरून हुकूम आल्याशिवाय गाडी नाही." रिक्षावाल्यांनी हात जोडले. "अम्मा, आज उधर नक्को जाव. रस्ते में टायर जलारे." चार तास बसून त्या परत आल्या.

शाळेजवळच्या किराणा दुकानात फोन होता. चितेगावला तात्यासाहेबांकडं, म्हणजे सरूबाईच्या नवऱ्याकडं, फोन असल्याचं ठाऊक होतं, नंबरही मिळाला. आशाबाईनं बोटांनी आकडे चाचपत फोन लावला. पलीकडून भारदस्त आवाज आला, "हां, तात्यासाहेब बोलतोय. कोण?"

कोण म्हणून सांगायचं? सरूची बहीण म्हटलं तर त्याच क्षणी सरूचा चाळीस वर्षांचा संसार उघडा पडणार, तोही उद्या पाव्हणे यायचे असताना. "हॅलो, कोण आहे?" आशाबाईनं फोन खाली ठेवला. काल बहिणीला जे सुनावलं, ते आज तिचं तिला जमलं नाही. ही गोष्ट तिनं पुढं कधीच कुणापासून लपवली नाही.

शुक्रवारी, संक्रांतीला, विद्यापीठाच्या नावाचा निर्णय जाहीर झाला. एका वस्तीत ढोल वाजत होते, बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या; दुसरीकडं दुकानांची शटरं खाली होती. दुपारी शेजारच्या कडुबाचा टेंपो कारखान्याचा माल घेऊन चितेगावकडं निघाला. त्याच्या शेजारी दाटीवाटीनं बसून आशाबाई आणि म्हाळसाबाई निघाल्या.

इकडं चितेगावात काय घडत होतं, ते पुढं तुकड्या तुकड्यांनी कळलं.

तात्यासाहेबांनी रस्त्यालगतची जमीन कंपनीला देऊन नवा बंगला बांधला होता. सोयरिकीच्या बोलण्यात त्या बंगल्याचा मोठा वाटा. म्हणजे पाव्हणे प्रत्येक खोलीत डोकावणार. मागं गोठा बघणार, शेतावर विहीर बघणार. शेजारी ठेवावं तर शेजारणीचं तोंड गप्प राहील याची खात्री नाही. सरूबाई सकाळभर घर हिंडली. शेवटी बंगल्यामागच्या हौदापाशी थांबली. नवा बांधलेला, पुरुषभर खोल, कोरडा ठणठणीत, वर पत्र्याचं झाकण. हौद काही कोणी उघडून बघत नाही.

तिनं आत शिडी लावून गोधडी अंथरली. नातीला उतरवलं. हातात तिळाचे दोन लाडू दिले.

"आजी, हितं लई गार हाय."

"दोन घटका बस माय. कायबी झालं तरी आवाज करायचा नाय. शानी ना तू?"

"आजी, शिडी राहू दे."

शिडी ठेवली तर पोरगी वर येईल. सरूबाईनं शिडी ओढून घेतली. आणि झाकण लावताना तिच्या तोंडून आपसूक निघालं, "तुला काय गं, तसाबी अंधारच." आपल्या मायचे शब्द आपल्या तोंडात आले, हे तिला तेव्हा कळलंही नाही.

आदल्या संध्याकाळी बन्सीनं विहिरीचा पाइप त्याच हौदाला जोडून ठेवला होता. दिवसा वीज कधी येते कधी जाते, म्हणून मोटारीचं बटण चालूच ठेवायची तिकडं सवय आहे. वीज आली की पाणी आपोआप चालू. हौदात पोरगी आहे हे बन्सीला ठाऊक नव्हतं. पाइप जोडलाय हे सरूबाईला ठाऊक नव्हतं. गोजरला आज कुठं ठेवलं, हे आईनं विचारलं नाही, बापानं विचारलं नाही, आजोबांनी तर नाहीच. असल्या घरांत ते विचारायचं नसतं. ज्याला विचारलं जात नाही त्याचा सांभाळही कोणी करत नाही, हे मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही.

पाव्हणे आले. बंगला बघून झाला. थोरली पोरगी पाटावर बसली. तीनच्या सुमाराला वीज आली, वरचा पंखा फिरायला लागला, आणि सगळे "हां, बरं झालं" म्हणाले. मागं धो धो पाणी पडायला लागलं. सरूबाई चहाचं ताट घेऊन माजघराच्या दारात आली होती. आवाज तिनं ऐकला. पाणी कुठं पडतंय? शेताला चाललं असेल. तिनं मागं वळून बघितलं. तेवढ्यात मुलाची आत्या म्हणाली, "इथं बसा की आमच्याजवळ. बन्सीरावांना लेकरं किती म्हणालात?"

"ही आन एक पोरगा," सरूबाई म्हणाली. "दोनच."

पाव्हणे उठले की मग जाऊन बघते, असं तिनं मनात धरलं. चहा झाला. तिळगूळ झाला. आत्याबाईंनी दुसरा कप मागितला.

आशाबाईचा टेंपो फाटकाशी आला तेव्हा पाव्हण्यांची जीप निघत होती. कोणी कुणाचा निरोप घेत नव्हतं. मग मागच्या अंगणातून एका बाईचा टाहो आला, आणि तो ऐकल्याबरोबर आशाबाईला सगळं कळलं. म्हाळसाबाईनं तिचा दंड धरला. "नगा जाऊ पुढं, बाई." पण ती गेली.

ओल्या फरशीवर पाय घसरला. गुडघे टेकून तिनं हात पुढं केले. भिजलेले केस लागले. गार कपाळ. भिजलेल्या फ्रॉकचा खिसा, आणि खिशात काहीतरी टणक. एक, दोन, तीन, चार.

"तुम्ही कोण, बाई?" तोच भारदस्त आवाज, पण आता फाटलेला.

आशाबाईची बोटं त्या खिशावरच राहिली. तिच्या मागून सरूबाई बोलली, ओरडून नाही, अगदी साध्या आवाजात, जसं काही रोजचंच सांगत होती.

"माझी बहीन हाय ती. सख्खी, पाठची. दोन्ही डोळ्यांनी आंधळी हाय. माझ्या बापाला दोन लेकी हुत्या. तुम्हाला एकच सांगितली." मग ती सुनेकडं वळली. "गीते, तुझ्या माहेराचा काय दोष नव्हता गं. मला ठावं हुतं. पहिल्या दिसापासून ठावं हुतं."

गीताबाईनं मान वर केली नाही. लेकराचं डोकं मांडीवर घेऊन ती त्याचे केस पदरानं पुसत होती. केस काही केल्या कोरडे होईनात, आणि ती पुसायची थांबेना.

पोरीनं आतून हाक मारली असेल का? कोणी सांगू शकलं नाही. मारली असेल तर पाण्याच्या आवाजात बुडाली. पण आशाबाईला खात्री आहे की मारली नसेल. "तिला सांगितलं होतं ना, आवाज करायचा नाही म्हणून," ती म्हणते. "आम्ही लई ऐकतो. आम्हाला तेवढंच शिकवलेलं असतं."

सोयरीक अर्थातच मोडली. पोलीस आले, पंचनामा झाला, "खेळताना पडली" असं लिहून घेतलं, गावानं तसंच सांगितलं. सरूबाईनं सांगितलेलं कोणी लिहून घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी आशाबाईनं शाळेची वही काढली आणि शेजारच्या मास्तरणीकडून त्यात बारावं नाव लिहून घेतलं. गोजर बन्सी. आई गीताबाई. मुक्काम चितेगाव. दाखल दिनांक बारा जानेवारी. पुढं तपासणीला आलेले साहेब म्हणाले, "ही मुलगी हयात नाही, नाव कमी करा." आशाबाई म्हणाली, "मी तिला एकदा कमी केली, साहेब. परत करणार नाही." साहेब पान उलटून पुढं गेले.

वर्ष झालं. पुढच्या संक्रांतीला सरूबाई शाळेच्या फाटकाशी आली, हातात कपड्यांची पिशवी. आशाबाईनं तिला क्षमा केली का, हे मला विचारू नका. त्या दोघींनी त्यावर कधी शब्द काढला नाही. म्हाळसाबाईनं तिसरं ताट वाढलं.

तेव्हापासून दोघी मिळून गावोगाव हिंडायला लागल्या. फुलंब्रीकडची खेडी, पैठण रस्त्याची खेडी, धनगरांचे वाडे. बोलायचं काम आशाबाईचं, बघायचं सरूबाईचं, कारण आंधळं लेकरू कुठं लपवतात ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक? दोरीवर वाळणारा जास्तीचा झगा, आतून लावलेली कडी, कोनाड्यात झाकून ठेवलेली भाकरी, तिच्या नजरेतून काही सुटत नाही. आता पोरगी कोणत्याही नावानं आणा, आशाबाई घेते. बेवारस म्हणा, सापडलेली म्हणा, भाची म्हणा. आधी ती दार उघडते. मग त्या पोरीच्या खऱ्या नावासाठी आईबापाशी दोन दोन, पाच पाच वर्षं भांडत राहते. चौतीस मुली अशा आल्या. त्यांतल्या एकोणीस जणींची नावं आज खरी आहेत. बाकीच्यांसाठी भांडण चालू आहे.

गेल्या महिन्यात त्या एका घरी गेल्या होत्या. लिंपलेलं अंगण, दारात तुळस, पितळेच्या पेल्यात पाणी, अगत्य म्हणाल तर कुठं कमी नाही. घरधनी हसून बोलत होता. आशाबाई पाणी प्यायली, तिनं पदरानं तोंड पुसलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

"लेकरं किती हो तुम्हाला?"

"दोन हायेत, बाई. दोन्ही शाळेत जात्यात."

शेजारी सरूबाईनं तिच्या हातावर हलकेच बोट टेकवलं.

"ही बाहेरची झाली," आशाबाई म्हणाली. "आतली किती?"

घरधन्याचं हसणं थांबलं. उंबऱ्यात उभ्या असलेल्या बाईनं पदर तोंडाला लावला. पेला खाली ठेवून आशाबाई तशीच बसून राहिली, उत्तर येईपर्यंत.